उपाध्येबाईंचं सहावं प्रकरण

निपाणी स्टँडसमोरच्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर विचारा, उपाध्येबाई कोण? लगेच सांगतील, "इतिहासाच्या मॅडम. त्या तुर्कस्तानावर पीएचडी करत्यात बघा." तुर्कस्तान नव्हे, बायझंटाइन साम्राज्य. पण हा फरक सांगून सांगून उपाध्येबाईंची, म्हणजे शालनबाईंची, जीभ दमली आणि शेवटी त्यांनी तो नाद सोडला. झेरॉक्सचं दुकान चालवणारा आणि सीमालढ्याच्या प्रत्येक मोर्चात पुढं असणारा नागोजी त्यांना तोंडावर डिवचायचा. "मॅडम, हितला सीमाप्रश्न सुटंना, आन् तुमी इस्तंबूलचं भांडण काडून बसला व्हय?"

"तुमचं भांडण सत्तर वर्षांचं, नागोजी. त्यांचं सव्वाशे वर्षं चाललं. कसं मिटलं ते वाचून सांगते. तोवर पानं उलटी लावू नका."

नागोजीला उलट बोलून वर पानंही नीट लावून घेणारी बाई निपाणीत दुसरी नव्हती.

शालनबाईंचं गाव निपाणी-चिकोडीच्या मधलं. वडील जिनपाल उपाध्ये, गावच्या जैन मंदिराचे पिढीजात पुजारी. घरात मराठी, शेतात कन्नड आणि मंदिरात संस्कृत-प्राकृत. पोर चार भाषा ऐकत वाढली आणि आपल्याला चार भाषा येतात हे तिला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलंही नव्हतं. तशी आपल्याकडं पद्धतच आहे. दोन्ही राज्यं आमच्या जिभेवरून भांडतात, पण त्या जिभेला काय काय येतं हे कुणी विचारत नाही.

लहानपणी मंदिरात तिनं वडिलांना, आप्पांना, एक प्रश्न विचारला होता. तीर्थंकर मोक्षाला गेले, ते परत येत नाहीत, कुणाला काही देत नाहीत, मग आपण मूर्तीपुढं वाकतो ते कुणासाठी? आप्पा रागावले नाहीत. मूर्ती म्हणजे ते नव्हेत, म्हणाले, पण त्यांचं रूप आहे. रूपाला केलेलं वंदन ज्याचं रूप आहे त्याच्या गुणांना जातं. मूर्तीत कुणी येऊन बसत नाही. पोरीनं ते ऐकलं, मनात ठेवलं आणि विसरून गेली.

पुढं शालनबाई निपाणीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला इतिहास शिकवू लागल्या. त्यात दरवर्षी एक वाक्य यायचं. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टंटिनोपल जिंकलं, व्यापाराचा रस्ता अडला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गानं भारतात आले. तुम्हीही हे घोकलं असेल. सगळ्यांनीच घोकलंय. पण शालनबाईंना त्या वाक्याचा राग येऊ लागला. हजार वर्षं उभं राहिलेलं शहर, आणि आपल्या पुस्तकात त्याच्या वाट्याला आलं फक्त मरण. तेही कशासाठी, तर गोऱ्यांना आपल्या किनाऱ्यावर आणून सोडायला. त्या शहरात माणसं काय खात होती, कशासाठी भांडत होती, कुणापुढं वाकत होती? एवढ्या रागातून त्यांचं संशोधन सुरू झालं.

वाचता वाचता त्या आठव्या शतकाशी येऊन थांबल्या. तिथं त्या साम्राज्यात चित्रांवरून रण माजलं होतं. ख्रिस्ताची, त्याच्या आईची, संतांची लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रं. एक बाजू म्हणे, ही पुजणं पाप आहे, पुसून टाका. दुसरी म्हणे, आम्ही लाकडाला पुजत नाही. रूपाला दिलेला मान ज्याचं रूप त्याला पोचतो. हे दुसरं वाक्य वाचलं आणि शालनबाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. हे तर आप्पांचं वाक्य. बाराशे वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडं, ग्रीक भाषेत.

मग ग्रीक शिकायचं ठरलं. बेळगावला कॅम्पात फादर ब्रागांझा नावाचे निवृत्त पाद्री राहायचे. मूळचे गोव्याकडचे, सेमिनरीत ग्रीक शिकवलेले. शालनबाई दर शनिवारी कॉलेज सुटलं की बस पकडून त्यांच्याकडं जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. फादरांनी संध्याकाळी चहाबरोबर केळी कापून पुढं ठेवली, बाईंनी हात लावला नाही. फादरांना वाटलं, ख्रिस्ती माणसाच्या घरचं चालत नसेल. पुढच्या शनिवारी ते तुटक वागले, त्याच्या पुढच्याही. शेवटी बाईंनीच छडा लावला आणि सांगितलं की आम्ही सूर्य मावळल्यावर काही खात नाही, आणि तुम्ही केळी काढलीत तेव्हा तुमच्या खिडकीत अंधार होता. फादर हसत सुटले. म्हणाले, मी इथं मनातल्या मनात सगळ्या जैनांना शिव्या घालतोय आणि तू घड्याळाकडं बघतेयस. तेव्हापासून त्यांच्याकडं चहा चार वाजता होऊ लागला आणि ग्रीक क्रियापदं त्यानंतर.

इथं शालनबाईंनी एक चूक केली. मोठी केली. आणि ती चूक कुठला इंग्रज, जर्मन, दिल्लीकर करूच शकला नसता. त्यासाठी पुजाऱ्याच्या पोटीच यावं लागतं.

आपल्याकडं नवी मूर्ती घडवून आणली की ती लगेच पूज्य होत नाही. तिची प्रतिष्ठा व्हावी लागते. पंचकल्याणक पूजा मांडतात, दिवसच्या दिवस विधी चालतात, आचार्य मूर्तीला मंत्र देतात, सोन्याच्या काडीनं तिचे डोळे उघडतात. मग ती वंदनाला योग्य. शालनबाईंच्या हाडीमाशी हे इतकं भिनलेलं की त्यांनी धरूनच चाललं, कॉन्स्टंटिनोपलमध्येही चित्राची प्रतिष्ठा होत असणार. मग तो विधी कोणता? मंत्र कोणता? कोण करायचं? दोन वर्षं त्या शोधत राहिल्या. फादरांना विचारलं, ते म्हणाले आज आम्ही आशीर्वाद देतो खरा, तेव्हाचं ठाऊक नाही. परदेशातल्या प्राध्यापकांना ईमेल धाडले. एकानं कळवलं की त्या काळी असा विधी असल्याची नोंद नाही. बाईंना वाटलं, म्हणजे नोंद हरवली. त्यांनी आख्खं सहावं प्रकरण लिहून काढलं, त्या हरवलेल्या विधीवर.

आणि चिकोडीजवळच्या एका गावात पंचकल्याणक निघालं. जिनपाल आप्पा तिथं विधीला बसणार होते, म्हणून बाईही गेल्या. आदल्या दिवशी मांडवात पोचल्या तर काय, जयपूरहून आलेली पांढरीशुभ्र मूर्ती कोपऱ्यात उभी आणि मांडववाल्या भरमूनं तिच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं अडकवलेलं. पायाशी डबा ठेवलेला. बाईंचा पारा चढला. भरमूला त्यांनी चारचौघांत झाडलं, देव म्हणून आणलेल्या मूर्तीवर वायर अडकवतोस, लाज नाही वाटत? भरमू बिचारा वायर काढायला धावला. तेवढ्यात पाठीमागून आप्पा आले आणि पोरीलाच गप्प केलं.

"त्याला कशाला बोलतीस गं? अजून प्रतिष्ठा कुटं झालीया? दगडच हाय तो. पाथरवटानं सोडला तसा."

शालनबाई आप्पांकडं बघतच राहिल्या. कारण हेही वाक्य त्यांनी वाचलं होतं. पण आपल्या बाजूचं म्हणून नव्हे, विरुद्ध बाजूचं म्हणून. सातशे चौपन्न साली सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइननं धर्मगुरूंची परिषद भरवली होती, चित्रं बंद करायला. त्या परिषदेनं चित्रांवर जे आरोप ठेवले त्यांत एक होता, की ह्या चित्रांना पवित्र करणारी कुठलीही प्रार्थना नाही, रंगाऱ्यानं सोडली तशीच ती मामुली राहतात. शालनबाईंनी ते वाक्य कितीदा तरी ओलांडलं होतं. सगळेच ओलांडतात.

म्हणजे विधी हरवलेला नव्हता. विधी नव्हताच. आणि तो नाही, हेच तर त्या परिषदेचं गाऱ्हाणं होतं.

दुसऱ्या दिवशी मांडवात गर्दी उसळली. त्याच मूर्तीचे डोळे उघडले, आणि भरमू वायर बाजूला टाकून हात जोडून उभा राहिला. शालनबाईही वाकल्या. पण डोकं कॉन्स्टंटिनोपलमध्ये होतं.

घरी येऊन त्यांनी सहावं प्रकरण फाडलं आणि नव्यानं लिहिलं. सुरुवात भरमूच्या वायरनं केली. मी इथली, म्हणून मी असं धरून चालले. असं धरलं म्हणून दोन वर्षं चुकीच्या वाटेनं गेले. आणि त्या वाटेवरच मला त्या परिषदेचं म्हणणं ऐकू आलं. इतिहासात ही माणसं चित्रं फोडणारी माथेफिरू म्हणून येतात. बाईंनी लिहिलं, माथेफिरू कसली? माझे वडील जे बोलतात तेच ती बोलत होती. तेहतीस वर्षांनी दुसरी परिषद भरली, तिनं उत्तर दिलं की पुष्कळ पवित्र गोष्टींना मंत्र लागत नाही, क्रॉसला कुठला लागतो? नाव आणि रूप पुरेसं आहे. बाईंच्या मते खरं भांडण इथं होतं. पवित्र करायला विधी लागतो म्हटलं की विधी करणारा लागतो, आणि त्याला नेमणारा राजवाड्यात बसलेला. नाव-रूप पुरतं म्हटलं, तर एखाद्या विधवेच्या चुलीवरच्या भिंतीतली फळीही पवित्र, आणि तिला कुणाचा शिक्का नको. धर्मशास्त्राच्या एका वाक्यात अख्खं राजकारण.

हे वाचल्यावर नागोजीनं बाइंडिंगचे पैसेच घ्यायचे नाकारले. बाईंनी टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या.

प्रबंध परीक्षकांकडं गेला. एकाचा अहवाल चांगला आला. दुसरे उत्तरेकडचे, मोठं नाव असलेले. त्यांनी लिहिलं, ग्रीक साधनांचा अभ्यास पक्का आहे, पण सहावं प्रकरण म्हणजे खेड्यातल्या जत्रेचं वर्णन आहे, त्यात लेखिकेनं स्वतःची चूक सांगितली आहे, हे संशोधनात बसत नाही. काढून टाकावं. न काढल्यास प्रबंध परत पाठवावा लागेल.

बाईंची नोंदणीची मुदत संपत आली होती. परत आला की संपलं. पंधरा वर्षांच्या शनिवारांवर पाणी. गाईड भले माणूस, धारवाडकडचे. त्यांनी कळकळीनं सांगितलं की काढा ते प्रकरण, पदवी घ्या, मग वेगळा लेख म्हणून कुठंही छापा. पंचवीस पानांसाठी कशाला हट्ट? बाई म्हणाल्या, बाकीची तीनशे पानं कुणीही लिहिली असती.

कॉलेजातल्या मंडळींनीही तेच समजावलं. फादर ब्रागांझांनी तर चहाचा कप हातात धरून सांगितलं की बाळ, संतसुद्धा कधी कधी एक पाऊल मागं घेतात. बाई म्हणाल्या, तुमच्या संतांना व्हायव्हा नव्हती.

नागोजीचं डोकं मात्र वेगळ्या दिशेला तापलं. सीमाभागाच्या बाईवर अन्याय, उत्तरेच्या माणसाची मिजास, एवढं त्याला पुष्कळ होतं. त्यानं पोरं जमवली, बोर्डाचा मजकूरही ठरवला. बाईंना कळलं तशा त्या दुकानात आल्या.

"नागोजी, मोर्चा काढलात तर मी स्वतः ते प्रकरण काढून टाकीन."

"आवो, तुमच्यासाठीच की!"

"माझं बरोबर असेल तर मी टेबलावर जिंकीन. तुमच्या घोषणेनं जिंकले तर उद्या त्या परीक्षकाला म्हणता येईल, बाई घाबरवून डॉक्टर झाली. तसं म्हणायची संधी मी त्याला देणार नाही. यायचं असेल तर हॉलमध्ये या, आणि गप बसा."

नागोजीला गप बसायला सांगणं म्हणजे काय, हे निपाणीला विचारा. पण तो गप बसला. बोर्ड दुकानाच्या मागं उलटा टेकवून ठेवला.

बाईंनी परीक्षकांना चार ओळींचं उत्तर लिहिलं. प्रकरण राहील. का, ते तोंडी परीक्षेत सांगते. तिथं पटलं नाही तर आपण प्रबंध परत पाठवावा, माझी तक्रार नसेल. परीक्षक कबूल झाले. माणूस कडक होता, पण लबाड नव्हता. हे त्यांचं मोठेपण इथं लिहिलंच पाहिजे.

व्हायव्हा बेळगावात, विद्यापीठाच्या हॉलमध्ये, खुली. खुली म्हणजे कुणीही यावं, कुणीही विचारावं. पण सहसा कुणी फिरकत नाही. दहा विद्यार्थी, चहा, टाळ्या, संपलं. या वेळी मागच्या खुर्च्या भरल्या. निपाणीची पोरं, कॉलेजातल्या बाया, कॅम्पातून रिक्षानं आलेले फादर. आणि पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी घेऊन मधल्या रांगेत बसलेले जिनपाल आप्पा. त्यांच्या एका बाजूला कन्नड विभागाचे कुणी प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला नागोजी.

परीक्षकांनी आधी तासभर ग्रीक शब्दांवरून बाईंना पिळून काढलं. बाई टिकल्या. मग ते सहाव्या प्रकरणावर आले. इंग्रजीत विचारलं, त्याचा अर्थ असा: तुम्ही चुकलात, कारण तुमच्या गावाची समजूत तुम्ही दुसऱ्या देशावर लादली. संशोधक अशी चूक दुरुस्त करतो आणि गप्प राहतो. वाचकाला ती का सांगायची?

शालनबाईंनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. त्या म्हणाल्या, त्या परिषदेचा ठराव आज आपल्याकडं स्वतंत्र उरलेला नाही. जिंकलेल्यांनी दुसऱ्या परिषदेत तो खोडण्यासाठी वाक्यावाक्यानं वाचून घेतला, म्हणून तो उरला. हरलेल्यांचं म्हणणं आपण नेहमी जिंकलेल्यांच्या तोंडून ऐकतो, उत्तरासकट. म्हणून प्रार्थनेचा तो आरोप सगळ्यांना किरकोळ वाटला. जो आधीच जिंकलेल्यांच्या घरात वाढला, त्याला तो आरोप ऐकू येतच नाही. मला आला, कारण माझ्या घरात तो आरोप म्हणून नव्हे, रोजचं सत्य म्हणून बोलला जातो. मी चूक लपवली, तर ऐकू कसं आलं तेही लपवावं लागेल. मग माझा निष्कर्ष हवेत टांगलेला राहील, आणि तसा तुम्ही मान्य करू नये.

परीक्षक चष्म्यावरून बघत होते. त्यांनी एकच विचारलं: त्या परिषदेला विधी एवढा महत्त्वाचा होता याला दुसरा पुरावा? बाई थांबल्याही नाहीत. त्याच ठरावात म्हटलंय, ख्रिस्ताची खरी प्रतिमा एकच, पुरोहितानं मंत्रून पवित्र केलेली भाकरी. हातानं रंगवलेली फळी नव्हे, विधीनं पालटलेली भाकरी. वर्गवारी तीच आहे, सर.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि अध्यक्षांकडं मान हलवली. अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न?

आप्पा उठले.

गाईडांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. नागोजीनं आप्पांचं धोतर ओढायचा प्रयत्न केला, आप्पांनी हात झटकला. मराठीत विचारलं, खणखणीत, पूजेला बसल्यासारखं.

"शालन, त्या राजाच्या लोकांचं म्हणणं मला तर बराबर वाटतंय. मंत्र न्हाय, विधी न्हाय, मग तो नुसता रंग. आमी जलमभर हेच केलं. तर तू कुणाच्या बाजूची हाईस?"

अध्यक्ष कन्नडिगा, पण त्यांना मराठी कळत होती. ते पुढं झुकले. परीक्षकांसाठी गाईड हळूच इंग्रजीत सांगू लागले. उत्तर वेडंवाकडं निघालं असतं तर तीनशे पानांचं वजन इथं घसरलं असतं, कारण प्रश्न परीक्षकांचाही हाच होता. फक्त त्यांनी तो सभ्यपणानं विचारला होता. बाई परीक्षकांकडं पाठ करून आप्पांकडं वळल्या.

"आप्पा, तुमच्या मांडवात मी त्या राजाच्या बाजूची. मूर्तीचे डोळे उघडल्याशिवाय मी वाकणार नाही. पण त्या शहरात एक बाई होती, तिच्याकडं आचार्य नव्हते, मांडव नव्हता. रात्री सैनिक येऊन फळी काढून नेतील म्हणून ती फळी धान्यात लपवायची. तिला तुम्ही म्हणाल का, की बाई, तुझ्या हातात नुसता रंग आहे?"

आप्पांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "तिला न्हाय म्हननार. पन तिच्या घरात जाऊन पूजाबी न्हाय करनार."

"मग आपलं दोघांचं सहावं प्रकरण एकच आहे, आप्पा. मीसुद्धा तिची पूजा केलेली नाही. ती खोटी नव्हती एवढंच लिहिलंय. आणि तुम्हीही खोटे नव्हता."

परीक्षकांनी गाईडांना हात करून भाषांतर थांबवलं. पुरेसं कळलं होतं. ते उठले आणि म्हणाले की या प्रकरणाच्या पद्धतीशी मी अजून पूर्ण सहमत नाही. माझा मतभेद मी अहवालात नोंदवणार आहे. पण ते काढावं हे माझं म्हणणं मी मागं घेतो. प्रकरण राहील. पदवी द्यावी, अशी माझी शिफारस आहे.

नागोजीनं घोषणा द्यायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं स्वतःच हातानं बंद केलं आणि टाळ्या पिटू लागला. फादर रुमालानं नाक पुसत होते. कॉलेजातल्या बाया रडत, हसत पुढं धावल्या. आमच्या भागाला मोठेपणा मिळतो तो बहुतेक कुणी लाठी खाल्ली म्हणून. त्या दिवशी तो मिळाला एका बाईनं एक वाक्य नीट वाचलं म्हणून.

आप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. मग डाव्या बाजूच्या प्राध्यापकांना कन्नडमध्ये आणि उजव्या बाजूच्या नागोजीला मराठीत, दोघांनाही तेच सांगितलं.

"माजी पोरगी हाय ती. मीच शिकवलंय तिला. आन् माजंच ऐकत न्हाय."

दोघांनाही सांगून झाल्यावर त्यांनी पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, तो वळला, आणि आप्पांनी त्यालाही सांगितलं.